बुबांचं लंडन, मेनुकाचं नॉर्वे

नेपाळच्या मेनुका राईला दोन विद्यापीठांत प्रवेश मिळाला, एक लंडनचं, दुसरं नॉर्वेचं. वडील, म्हणजे तिचे बुबा, ब्रिटिश फौजेच्या गुरखा पलटणीतून निवृत्त झालेले. निम्मं गणगोत लंडनलाच होतं.

"बुबा, मी नॉर्वेला जाते."

आमा, तिची आई, भात वाढता वाढता हसली. "बर्फ बघायला एवढ्या लांब? आपल्याकडे काय कमी पडलाय?"

"डोंगरात बर्फ वितळून साचलेलं तळं फुटणार असेल, तर ते आधी कसं ओळखायचं, हे तिथं शिकवतात."

आमाचा हात थांबला. तिचा भाऊ तसलंच तळं फुटून आलेल्या पुरात घरासकट वाहून गेला होता. मेनुकाने ते वरच्या शेतातून पाहिलं होतं.

बुबांनी जेवण संपवलं. मग म्हणाले, "तू तिकडे येत नाहीस, असं लंडनच्या काकाला मी कळवतो."

ऑगस्टमध्ये मेनुका नॉर्वेला गेली. तिच्या वर्गात असा पूर पाहिलेली ती एकटीच होती.