उलटी टांगलेली कोरफड

इंदुरीच्या मुक्ताबाईला आपल्या परसातल्या फुलझाडांचा भारी तोरा. माणच्या कोरड्या मुलखातून लग्न होऊन शेजारी आलेल्या जैतुनबीनं तिला मुळासकट उपटलेली कोरफड भेट दिली, तेव्हा तिनं नाकच मुरडलं.

"आमच्या मावळात पाऊस नुसता कोसळतो, बाई. ही काटेरी घिऊन मी काय करू?"

"दारावर उलटी टांगा, मावशी. दिष्ट लागत न्हाई."

पोरीचं मन मोडू नये म्हणून मुक्ताबाईनं ती टांगली आणि विसरून गेली.

सन एकोणीसशे अठराला पावसानं दडी मारली. इंद्रायणीत नुसती डबकी उरली. मुक्ताबाई तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा मोगऱ्याला घालायची. तरी मोगरा गेला, जास्वंद गेली, शेवटी कर्दळही करपली. ती दिवसभर आभाळाला शिव्या घालत बसायची.

एका सकाळी दारापुढं झाडताना तिची मान वर गेली. कोरफडीतून दांडा निघाला होता. आधी खाली उतरलेला, मग वळसा घेऊन थेट आभाळाकडं चढलेला. टोकाला पिवळी फुलं. मुळाला माती नाही, वर्षभर पाण्याचा थेंब नाही! हातातली केरसुणी हातातच राहिली.

"जैतुन, अगं, ही जगली तरी कशावर?"

"आमच्याकडं समदी अशीच जगत्यात, मावशी."

दार चांगलं उंच होतं. तरी त्या दिवसापासून मुक्ताबाई त्याखालून वाकूनच जायची.