गोगलगायीच्या वाटेतला काळा डाग

परग्रहावर हिंडणाऱ्या त्या सहाचाकी गाडीचं कागदावरचं नाव भलंमोठं होतं, पण कंट्रोल रूममध्ये सगळे तिला गोगलगाय म्हणत. तिला पृथ्वीवरून चालवणारी बाई नऊ वर्षं एकाच खुर्चीत बसत आली होती, आणि गेले चार महिने तिला डाव्या डोळ्यानं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. ठाऊक होतं फक्त नवऱ्याला. चहा कपाऐवजी टेबलावर ओतला गेला, तेव्हा त्यानं ओळखलं. "अक्कांना सांग," तो रोज म्हणायचा. "सांगते," ती रोज म्हणायची.

अक्का म्हणजे कंट्रोल रूमच्या प्रमुख. त्यांना सांगणार कुठल्या तोंडानं? गाडीनं पाठवलेले जोडफोटो खास चष्म्यातून बघायचे, म्हणजे खड्डा किती खोल, दगड किती उंच, ते समोर उभं राहतं. पण त्याला दोन डोळे लागतात. एका डोळ्याला सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरासारखं सपाट. बाई मात्र वस्ताद! सावल्यांवरून अंदाज बांधायची. सावली लांब, तर दगड उंच. चार महिने निभावलं.

आज पंचाईत झाली. फोटो आले ते ऐन दुपारचे. सूर्य डोक्यावर, सावल्या गायब, आणि वाटेत बरोब्बर मधे एक काळा डाग. कॉम्प्युटरच्या नकाशातही नेमकी तेवढीच जागा कोरी. दगड असेल. खड्डाही असेल. खड्डा असला तर गोगलगाय तोंडावर आपटणार, आणि तिथं तिला उचलायला कोण जाणार?

"लांबू, हा डाग जरा बघतोस?" तिनं शेजारच्याला सहज विचारल्यासारखं केलं. लांबू गाडीचा यांत्रिक हात सांभाळायचा.

"मी? सूर्याला काजव्यानं वाट दाखवायची होय?" त्यानं मान वरसुद्धा केली नाही.

अकरा दहाला गाडीकडे दिवसभराचे हुकूम सुटायचे. एकदा सुटले की परत बोलावता येत नाहीत, म्हणून त्याआधी अक्का प्रत्येकाला विचारत. चालवणारीला सगळ्यात शेवटी.

"हात?"

"जाऊ द्या," लांबू म्हणाला.

"बॅटरी?"

"जाऊ द्या."

"चाकं?"

तिनं पुन्हा त्या डागाकडे बघितलं. दोनच तर शब्द. बहुतेक दगडच असणार. नऊ वर्षांची खुर्ची काय अशी एका डागापायी सोडायची? पण खड्डा असला तर?

"अगं, चाकं?"

"थांबा," ती म्हणाली. "तो डाग खोल आहे का उंच, मला कळत नाहीये. माझा डावा डोळा गेलाय. चार महिने झाले."

अक्कांचा चेहरा लालबुंद झाला. "चार महिने? आणि मी रोज काय गंमत म्हणून विचारत होते होय गं?"

तिनं चष्मा काढला. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ऊठ. चष्मा त्याला दे."

लांबू तिच्या खुर्चीत बसला. चार मिनिटं उरली होती. त्यानं स्क्रीनला नाक लावलं, मागं सरला, पुन्हा वाकला. "दगड आहे," तो म्हणाला. "चपटा. वहीएवढा जाड. आरामात जाईल वरून."

म्हणजे ती गप्प बसली असती तरी काही बिघडलं नसतं! तिला हसू फुटायला आलं आणि रडूही. दोन्ही तिनं गिळलं.

"चाकं?" अक्कांनी विचारलं, आणि सवयीनं तिच्याकडेच बघितलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"जाऊ द्या," लांबू म्हणाला. हुकूम सुटले.

जिन्यात येऊन तिनं नवऱ्याला फोन लावला. "सांगितलं," ती म्हणाली.

"मग?"

"खुर्ची गेली."

"आणि गोगलगाय?"

"हुकूम पोचायला अजून बारा मिनिटं आहेत." ती मटकन पायरीवर बसली. "फोन ठेवू नकोस. लांबूनं नीट बघितलं असेल ना रे?"