बोनेट गरम असेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. किती जुनी, ते मी एकदा खरं सांगितलं होतं. कोणाला पटलं नाही. तेव्हापासून खरं मी बेतानेच सांगते.

कारखान्यातून मी आले ती थेट भातसानगरला, धरणावरच्या एका साहेबांकडे. तेव्हा माझा पांढरा रंग असा चमकायचा, की बगळे माझ्यासमोर उभे राहून पिसं नीट करायचे. धरणातून सोडलेलं पाणी मुंबईला पोचायच्या आत मी तिकडे जाऊन परत यायची. पुढे साहेबांनी नवी गाडी घेतली आणि मी चार वर्षं शेडमागे उभी राहिले. माझ्या सीटखाली उंदरांच्या सात पिढ्या झाल्या. आठवीने लायसन काढलं असतं, पण तेवढ्यात प्रमिला आली.

प्रमिलाचं आटगावला पंक्चरचं दुकान आहे. तिने मला भंगाराच्या भावात घेतलं, ते शर्यतीसाठी. भात कापून झालं, की म्हशाजवळच्या माळावर शहापूर-मुरबाडच्या हौशी लोकांचा क्लब मोटारींच्या शर्यती लावतो. दहा फेऱ्या, पोटभर धुरळा आणि जिंकणाऱ्याला ढाल.

दोन वर्षं मजेत गेली. मग आमच्याबरोबर शर्यतीत उतरणाऱ्या आदेशने हायवेलगतची जमीन विकली आणि त्याच्या गाडीत दर आठवड्याला काहीतरी नवं बसू लागलं. त्याचा नुसता सायलेन्सर माझ्यापेक्षा महाग होता. त्याला गाठायला बाकीच्यांनीही पैसे ओतले, आणि संपले तसे ते घरी बसले. अठरा गाड्यांच्या पाच राहिल्या. तेव्हा क्लबच्या सभेत प्रमिला उभी राहिली.

"नियम करा," ती म्हणाली. "जी गाडी जिंकेल, ती त्याच शर्यतीतल्या कोणीही साठ हजारांत मागावी. मालकाने नाय म्हणायचं नाय. मग बघू कोण तीन लाखांचं इंजिन टाकतो ते."

क्लबचे अध्यक्ष चांगोकाका. म्हशाच्या जत्रेत बैलांची दलाली करून त्यांचं आयुष्य गेलेलं. ते म्हणाले, "मागायला टाइम किती द्यायचा? घड्याळाचं मला सांगू नको. बोनेट गरम असेपर्यंत. बोनेटवर हात ठेवून दहा मोजायचे. हात टिकला तर गाडी थंड, सौदा बंद."

नियम झाला. आदेशने महागडे सुटे भाग मुकाट उतरवले. घरी बसलेले परत आले. हंगामाच्या शेवटच्या शर्यतीला चौदा गाड्या उभ्या होत्या, आणि त्यात सगळ्यांत जोरात मी पळत होते. प्रमिलाचा नियम आता प्रमिलाच्याच गाडीवर उलटणार होता.

आदेश खिडकीशी आला. "ताई, जिंकलीस तर ढाल तुझी, गाडी माझी. पैसे खिशात आहेत."

"आधी मागे तर लागून दाखव," ती म्हणाली. पण स्टिअरिंगवरचे तिचे हात ओले होते. मला कळतं ते.

नऊ फेऱ्या आम्ही पुढे होतो. दहाव्या फेरीत, शेवटच्या वळणाआधी, तिचा पाय हलका झाला. जरासा सोडला असता, तर आदेश पुढे गेला असता आणि मी तिचीच राहिले असते. मी श्वास रोखला. मोटारीने श्वास रोखला की इंजिन बंद पडतं, म्हणून लगेच सोडला. पाय पुन्हा खाली गेला. आदेशने आतून घुसायला पाहिलं, घसरला आणि माळाच्या पार टोकाला भुसभुशीत मातीत रुतला. आम्ही जिंकलो.

प्रमिला उतरली आणि माझ्याशेजारी उभी राहिली. टाळ्या तिने ऐकल्याच नाहीत. ती माळाकडे बघत होती. तिकडून, ढेकळं तुडवत, आदेश चालत येत होता. एवढासा ठिपका. मी थंड व्हायचा प्रयत्न करू लागले. डोंगरावरचा वारा ओढून घेतला. धरणाचं सगळं पाणी आठवून पाहिलं. पत्रा टिक टिक वाजत होता. ठिपक्याला हात फुटले, पाय फुटले, मग मिशाही दिसायला लागल्या.

चांगोकाकांनी घाईने माझ्यावर हात ठेवला. "एकदोनतीनचारपाच... दहा. थंड झाली रे. उशीर केलास."

आदेश धापा टाकत म्हणाला, "काका, चाळीस वर्षं कासरे ओढलेला हात तुमचा. तो हात नाय, खूर आहे. प्रमिलाताईला ठेवू द्या. ती बोलेल ते मान्य."

प्रमिलाने तळवा टेकवला. काका मोजू लागले, धावतच. एक, दोन, तीन. तापलेल्या रेडिएटरचं झाकण नुसत्या फडक्याने उघडणारा हात तो. ठरवलं असतं, तर तिने पन्नासपर्यंत धरला असता. पाच, सहा. तिने माझ्याकडे पाहिलं. समोर ते सगळे उभे होते, तिच्या नियमाच्या भरवशावर परत आलेले. सातला तिने हात उचलला.

"गरम आहे," ती म्हणाली. "घेऊन जा."

आदेशने नोटा बोनेटवर ठेवल्या. प्रमिलाने न मोजता घेतल्या आणि किल्ली दिली. "मागच्या डाव्या चाकातली हवा उतरते. दर शनिवारी बघायची. आणि सकाळी सुरू केलीस की लगेच पळवायची नाय. जरा गुणगुणू दे तिला."

"बरं," आदेश म्हणाला. त्याचं लक्ष माझ्या इंजिनाकडे होतं. एवढी पळते म्हणजे आत काहीतरी लपवलेलं असणार, अशी त्याची खात्री.

मित्रांनो, त्याने मला आजवर तीनदा खोललं. काही सापडलं नाही. दर वेळी परत बसवताना एक नट उरतो, तो तो खिशात टाकतो. शनिवारी त्याला सवड नसते. मागचं डावं चाक बसत चाललंय.

येत्या रविवारी म्हशाला नव्या हंगामाची पहिली शर्यत आहे. प्रमिला कुठलातरी खटारा घेऊन उतरणार आहे आणि ते साठ हजार तिने खर्चलेले नाहीत, असं कानावर आलं. पण मागता येते ती फक्त जिंकलेली गाडी. मी हरले तर आदेशच्याच अंगणात राहणार.

तेव्हा हात जोडून विनंती आहे. हात मला नाहीत, ते तुम्ही समजून घ्या. त्याच्या घरावरून जाल तर त्याला सांगा, की जुन्या गाडीचं पाणी बघावं, हवा भरावी, खिशातले नट परत जागच्या जागी लावावेत. चांगली धावेल म्हणावं.

कशासाठी धावेल, ते मात्र सांगू नका.