वांझ फुलं

पदवीची परीक्षा संपल्यावर निकाल लागेपर्यंत मी मामाकडे राहायला गेले. त्या उन्हाळ्यात त्याच्या परसात भोपळा सोडून सगळं पिकत होतं. भेंडी एक दिवस तोडायची राहिली की निबर व्हायची. काकड्या पानाआड दडून फुगायच्या, आणि सापडेपर्यंत मनगटाएवढ्या झालेल्या असायच्या. मामी सकाळी टोपली घेऊन एक फेरी मारायची आणि टोपलीत काय आलं त्यावर दिवसभराचा स्वयंपाक ठरायचा. टोमॅटो फार झाले की रस्सा, काकड्या फार झाल्या की त्याही फोडणीला.

भोपळ्याचा वेल भिंतीलगतच्या तारेच्या मांडवावर होता. मांडव मामीच्या डोक्याएवढाच उंच. पानं ताटाएवढी आणि कळ्याही भरपूर. फळ मात्र दोन उन्हाळ्यांत एकही नाही.

मामा घड्याळजी. दुकानात डोळ्याला भिंग लावून बसायचा आणि मोहरीएवढे स्क्रू चिमट्यानं उचलायचा. मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर त्याचे हात कापायला लागले आणि त्यानं दुकान बंद केलं. त्याच आठवड्यात त्यानं भोपळ्याचा पहिला वेल लावला, आणि तो वाळून गेल्यावर यंदा हा दुसरा.

"भेंडी तुझ्या मामीनं लावली," तो मला म्हणाला. "टोमॅटो तिचेच. काकडी आपली आपण उगवली. माझ्या हातचा म्हणशील तर हा भोपळा तेवढा. आता तूच सांग, शास्त्रज्ञ, निष्कर्ष काय?"

"एवढ्यावरून निष्कर्ष निघत नाही, मामा."

"निघतो की. माझ्या हाताला गुण राहिला नाही."

तो हे हसत म्हणाला. पण हल्ली तो कप अर्धाच भरून घ्यायचा, तोही दोन्ही हातांत धरून. आणि फरशीवाल्याशी त्याचं बोलणंही झालं होतं. सोमवारी माप, मग सगळ्या परसाला फरशी. "दोन खुर्च्या टाकू, बसू," असं तो म्हणायचा. त्यानं खुर्च्यांचं नाव काढलं की मामीची विळी जरा जोरात चालायची.

फरशीवाला एकदा नुसता बघून गेला होता. "काका, मागच्या वर्षी भोपळ्यात भोपळा, यंदाही भोपळाच!" असं म्हणून तो स्वतःच मोठ्यानं हसला. मामाही हसला, पण पाहुण्यासाठी हसतात तसा.

मामा मला निष्कर्ष विचारत होता त्या दिवशी बुधवार होता. माझ्याकडे चार दिवस होते आणि एक कोरी वही. मी रसायनशास्त्राची, झाडांबद्दलचं माझं ज्ञान शाळेपुरतं. म्हणून मी जे येतं ते केलं: मोजायला बसले.

कळ्या दोन तऱ्हेच्या होत्या. बहुतेक सगळ्या लांब, बारीक देठांवर नुसत्याच उभ्या. काहींच्या खाली मात्र, देठ आणि पाकळ्या यांच्या मधोमध, सुपारीएवढा हिरवा गोळा. म्हणजे भोपळा होताच, अगदी आकारासकट. तो दोन-तीन दिवस हिरवा राहायचा, मग पिवळा पडायचा, मऊ व्हायचा आणि गळून जायचा. पाणी कमी पडतंय म्हणावं तर शेजारची भेंडी तरारलेली. ऊन जास्त म्हणावं तर काकडीवरही तेच ऊन. मधमाश्या येत नसाव्यात असं वाटलं, म्हणून गुरुवारी सकाळी काकडीच्या वेलापाशी बसून राहिले. तासाभरात सव्वीस मोजल्या. त्यातल्या काही भोपळ्याच्या फुलांतही डोकावून गेल्या.

त्या संध्याकाळी मी दुसऱ्या दिवशी उमलतील अशा कळ्या मोजून ठेवल्या. गोळ्याच्या दोन, नुसत्या देठाच्या चौदा.

शुक्रवारी सकाळी सातला गेले तर गोळ्याची दोन्ही फुलं टवटवीत उमललेली. चौदांपैकी एकही नाही. जागेवर चौदा देठ, प्रत्येक तिरका कापलेला. गोगलगाय असं कापत नाही. उंदीरही नाही. हे कात्रीचं काम होतं. मी वहीत "कात्री?" असं लिहिलं, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून तळणीचा वास आला.

तोवर आठवडाभर मी रोज सकाळी चहाबरोबर भोपळ्याची फुलं खात होते. पातळ पिठात बुडवून तळलेली, वर मीठ आणि मिरपूड. मागच्याच दिवशी मी सहा खाल्ली होती.

"मामी, ही फुलं तू कुठून आणतेस?"

"कुठून म्हणजे? वेलावरून. उजाडायच्या आत कापायची, मिटलेली असताना. मग आत किडे नसतात."

"सगळी?"

"सगळी कशी? भोपळा धरलेल्या फुलांना मी बोटसुद्धा लावत नाही हं. ही वांझ फुलं. आई म्हणायची, फळाचं फूल राखायचं आणि वांझ फूल तळायचं."

"तुझ्या आईकडे भोपळे लागायचे?"

"ढिगानं! वेल पार छपरावर गेलेला. हाताला येतील तेवढी फुलं आम्ही तोडायचो, बाकीची वरच..." ती थांबली. झारा कढईच्या काठावर टेकवून माझ्याकडे बघत राहिली. "का गं? काय झालं?"

मी सांगितलं. की ज्यांना ती वांझ म्हणत होती ती नरफुलं. पराग तिथेच असतात. मधमाशी तिथून पराग नेते आणि गोळ्याच्या फुलाला लावते, तेव्हाच तो गोळा भोपळा होतो. छपरावर हात पोचत नव्हता म्हणून तिच्या आईचे भोपळे वाचले. इथे मांडव डोक्याएवढा, एकही फूल हातून सुटत नव्हतं.

कढईतली दोन फुलं काळी पडली. मामीनं गॅस बंद केला.

"म्हणजे वांझ म्हणतात ते नर असतं," ती सावकाश म्हणाली.

"हो."

"आणि तरी नाव वांझच."

मामा-मामींना मूल नाही. घरात हा विषय कुणी काढत नाही. काढतात ते पाहुणे, आणि काढताना बघतात नेहमी मामीकडे. पण तिला हसू आलं, आधी नाकातून, मग पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"फुलांनाही सोडलं नाही गं लोकांनी," ती म्हणाली. डोळे पुसले, आणि मग तिचा चेहरा एकदम उतरला. "दोन उन्हाळे हे रोज वेलापाशी उभे राहून हात बघत बसतात. आणि कात्री माझी. तू बोलू नकोस, मीच सांगते."

दिवसभर तिनं सांगितलं नाही. शनिवारी सकाळी चहाबरोबर तिनं नुसता पाव ठेवला. मामानं बशी जरा फिरवून बघितली.

"आज फुलं नाहीत?"

"नाहीत. वेलावरच आहेत."

"का बुवा? आमचं काही चुकलं?"

"माझं चुकलं," मामी म्हणाली, आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. छप्पर, आई, कात्री, नर, सगळं एका दमात. शेवटी म्हणाली, "तुमच्या हाताला काही झालेलं नाही. तुमचे भोपळे मी तळत होते."

मामानं कप खाली ठेवला. "आणि मी खात होतो," तो म्हणाला. "वर आणखी मागून." मग त्यानं माझ्याकडे बोट केलं. "हिनंही खाल्लेत. हिला सोडायचं नाही."

मामी रडेल असं वाटलं होतं, पण ती म्हणाली, "चला, ऊन चढलं की फुलं मिटतात."

त्या सकाळी वेलावर बारा नरफुलं उमललेली होती आणि गोळ्याची पुन्हा दोनच. मधमाश्यांवर सोडूनही चाललं असतं, पण सोमवार जवळ आला होता. मी एक नरफूल तोडलं, त्याच्या पाकळ्या सोलून काढल्या आणि आतला पिवळा दांडा मामापुढे धरला.

"तूच कर," तो म्हणाला. "माझ्यानं व्हायचं नाही. हात बघ."

"एक मी करते, एक तू. म्हणजे तुलना करता येईल."

"अगं, हात हलतो माझा!"

"मग हलू दे की," मामी मागून म्हणाली. "मधमाशी काय तिथं मांडी घालून बसते?"

मामानं दांडा घेतला. भिंग नव्हतं तरी सवयीनं एक डोळा मिटला आणि गोळ्याच्या फुलात वाकला. हात कापत होता, त्यामुळे पराग आत सगळीकडे भुरभुरले, काही पानावर, काही त्याच्या बाहीवर. माझं काम मला जास्त नीटनेटकं वाटलं. दोन्ही देठांना मी दोरे बांधले, त्याच्या फुलाला तांबडा आणि माझ्या फुलाला पांढरा.

सोमवारी फरशीवाला आला. फीत काढून त्यानं एक टोक मामाच्या हातात दिलं. "काका, भिंतीला लावून धरा." मामानं धरलं. फीत त्याच्या टोकापासून पार दुसऱ्या टोकापर्यंत थरथरू लागली आणि फरशीवाला आकडा वाचता वाचता अडखळला.

मामाचं लक्ष फितीकडे नव्हतंच. तो मांडवाखाली बघत होता. पांढऱ्या दोऱ्याचा गोळा मानेशी पिवळा पडला होता. तांबड्या दोऱ्याचा हिरवा होता, कदाचित कणभर मोठाही. पण दोन दिवस हिरवा तर आधीचेही राहिले होते. त्यावरून काहीच सांगता येत नव्हतं, आणि एकेका फुलावरून कुणाच्या हाताबद्दल तर मुळीच नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं तेव्हा मी तसं सांगितलं.

"कळतंय मला," तो म्हणाला आणि त्यानं फीत सोडून दिली. ती सरसरत फरशीवाल्याच्या मुठीत जाऊन बसली. "राहू दे. नाही घालायची फरशी."

"अहो काका, पण भोपळा अजून लागलाय कुठे?" फरशीवाला त्या गोळ्याकडे बघत म्हणाला. " हाही गळला तर?"

"गळला तर पुढचं फूल बघू. रोज दोन तरी उमलतात."

"आणि लागलाच, तर पिकल्यावर येऊ मापाला?"

मामा विचारात पडला. "पिकला की बी निघेल. ते पेरायला जागा नको का?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "एका भोपळ्यात बिया किती असतात गं?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "मोजाव्या लागतील."