तिसऱ्या मजल्यावरची काच

काही माणसं बोलून डोक्यात जातात. ओरेस्तचा साडू डॅरेल नुसती गाडी उभी करून जायचा. पांढरीधोप व्हॅन, तिच्या अंगावर निळ्या अक्षरांत डॅरेलचं नाव आणि नावाखाली दात काढून हसणारा पाण्याचा थेंब. जानेवारीत विनिपेगमध्ये थेंब हसत नाही, दगड होऊन पडतो, एवढंही ज्याला कळत नाही त्याने खिडक्या पुसायचा धंदा काढावा, याचंच ओरेस्तला हसू यायचं. हे तो मनात ठेवत नसे. चर्चच्या पायऱ्यांवर, न्हाव्याकडे, सासूकडे पानावर बसून, जिथे चार कान सापडतील तिथे सांगायचा.

ओरेस्त स्वतः खिडक्याच पुसायचा. उत्तर भागातल्या दुकानांच्या काचा पुसता पुसता त्याचे केस पिकले होते. एक बादली, एक शिडी, एक रबरी पट्टी, संपला संसार. थंडीची सगळी विद्या त्याच्या बादलीत आणि कोटाच्या आत होती. पाणी कोमट, कढत कधीच नाही, कारण गारठलेल्या काचेवर कढत पाणी पडलं की काच तडकते. त्यात साबण नावापुरता आणि स्पिरिट भरपूर, थंडी चढेल तसं वाढवत न्यायचं. ओला बोळा पिळून पिळून जवळजवळ कोरडा करायचा. एका वेळी काचेचा वीतभर तुकडा, भिजवला की लगेच ओढून घ्यायचा. मधल्या वेळात रबरी पट्टी काखेत, म्हणजे ती कडक होत नाही, आणि कोरडी फडकी छातीशी. ऊन असेल ती बाजू आधी. त्याच्या मते बाकी सगळे पोरखेळ होते.

डॅरेल हा त्यातला सगळ्यात महागडा पोरखेळ. तो व्हँकूव्हरकडचा. तिथे हिवाळा म्हणजे रिपरिप पाऊस आणि छत्री. धाकट्या मेहुणीशी लग्न करून तो इकडे आला आणि इथल्या लोकांना थंडी शिकवायला लागला. व्हॅनमध्ये पाण्याची टाकी, टाकीला हीटर, पंप, आणि पुढे नळी जोडलेली भली लांब काठी, तिच्या टोकाला ब्रश. जमिनीवर उभं राहून तिसरा मजला धुवायचा. पुसायचंसुद्धा नाही. पाणी म्हणे इतकं शुद्ध की ते वाळलं तरी डाग राहत नाही. ओरेस्त याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणायचा. काचेला हात न लावता काच पुसणारा माणूस त्याने आयुष्यात दुसरा पाहिला नव्हता.

दोघांचं खरं बिनसलं ते सासूच्या खिडकीवरून. पारास्काबाई नव्वदीला टेकल्या होत्या आणि वृद्धाश्रमात तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या. जीभ मात्र अजून तरणीताठी होती. गेली दोन वर्षं त्यांची एकच तक्रार होती: काच धुरकट आहे, बाहेरचं काही दिसत नाही. आधी ओरेस्त शिडी लावून पुसायचा, तेव्हाही धुरकट. मग आश्रमाच्या व्यवस्थापकाने शिडीला बंदी केली, हा म्हातारा आमच्या आवारात पडला तर निस्तरणार कोण म्हणून. मग डॅरेल काठी घेऊन आला, तरीही धुरकट. डॅरेल म्हणे, दादांनी वर्षानुवर्षं साबणाचा थर चढवून ठेवलाय. ओरेस्त म्हणे, याने नुसतं पाणी शिंपडून मळ कालवलाय. सासू दोघांनाही एकाच मापाने मोजायची.

"घरात दोन-दोन जावई खिडक्या पुसणारे," ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "आणि मी बसलेय भिंतीकडे बघत. एक साबण फासतो, दुसरा पाणी मारतो. माझी आई कागदाच्या बोळ्याने काच पुसायची, तर चिमण्या येऊन डोकं आपटायच्या."

हे बोलणं ओरेस्तच्या जिव्हारी लागायचं. सासू म्हणेल ते घरात प्रमाण, आणि कसबाला तिने नावं ठेवली म्हणजे नाकच कापलं. त्या कापलेल्या नाकाचा राग तो डॅरेलवर काढायचा. गेल्या ईस्टरला भरल्या पानावर त्याने डॅरेलला घोडे धुणारा म्हटलं आणि धाकटी मेहुणी रडत उठून गेली. ओरेस्तने शांतपणे दुसरं अंडं सोललं.

तर यंदाची सहा जानेवारी. पारास्काबाईंचं सगळं त्यांच्या चर्चच्या जुन्या पंचांगाप्रमाणे, त्यात नाताळ सात जानेवारीला, त्यामुळे नाताळची आदली संध्याकाळ आजची. दिवसभर कडकडीत उपास. आकाशात पहिली चांदणी दिसली की मग बारा पदार्थांचं जेवण, त्यात पहिला घास कुत्याचा, म्हणजे शिजवलेले गहू, मध आणि खसखस. गेल्या वर्षी थोरली लेक, ओरेस्तची बायको लेस्या, म्हणाली की आई, निघाली बघ चांदणी, आणि म्हातारी तिच्या शब्दावर जेवली. मग वर्षभर तेच उगाळत बसली, की दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेल्या चांदणीवर मी उपास सोडला. यंदा तिने बजावलं होतं, मी स्वतः बघीन तेव्हाच तोंड उघडीन. साखरेचा आजार, वर गोळ्या. तिची देखभाल करणारी मारिसेल सकाळपासून दाराशी येरझाऱ्या घालत होती. एक घोट दूध तरी घ्या म्हणाली, तर म्हातारीने तोंड फिरवलं.

ओरेस्त सकाळीच आला होता. तो खोलीत शिरायच्या आतच पारास्काबाई म्हणाल्या, "आला वाटतं स्पिरिटवाला." त्याने आतली बाजू पुसली. चारही कोपरे बोटाला फडकं गुंडाळून काढले, शेवटी काच बोटाखाली कुईकुई वाजायला लागली. स्वतःवर खूश होऊन तो बाजूला झाला. सासूने मान पुढे काढून पाहिलं.

"होती तशीच आहे," ती म्हणाली.

एरवी त्याला राग आला असता. आज आनंद झाला. आतून काच निर्मळ आहे ही त्याची खात्री होती, म्हणजे घाण बाहेरून, आणि बाहेरची बाजू म्हणजे डॅरेल. त्याने तिथूनच फोन लावला आणि सासूला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की ये आणि तुझी घाण काढून जा, उपाशी म्हातारी चांदणीसाठी खोळंबलीय.

डॅरेल आला तेव्हा दुपार कलली होती आणि पारा उणे अठ्ठावीसवर होता. नाकातले केस गोठत होते. त्याने टाकीचा हीटर तपासला, नळी उलगडली, काठी जोडली. ओरेस्त आश्रमाच्या दारात हात घडी घालून उभा राहिला. पुढे काय होणार ते त्याला ढळढळीत दिसत होतं. टाकीत पाणी गरम असेना का, लांब नळीतून, लांब काठीतून, तिसऱ्या मजल्यावरच्या बर्फासारख्या काचेवर ते पाणी किती वेळ पाणी राहणार? आज पाणी मारूच नको, काठीच्या टोकाला स्पिरिटचं फडकं बांध आणि नुसतं फिरव, एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य ओरेस्तच्या जिभेवर होतं. त्याने ते गिळलं आणि तमाशा बघायला पुढे सरकला.

सुरुवात झोकात झाली. वर काचेवरून पाणी ओघळायला लागलं, वाफेचे ढग निघाले. डॅरेलला ते दृश्य इतकं आवडलं की त्याने नळ बंद केला, काठी भिंतीला टेकवली आणि मोबाईल काढून चित्रण करायला लागला. जाहिरातीला कामाला येईल म्हणून. ओरेस्तला खरं तर तेव्हाच टाळी वाजवावीशी वाटली. एवढ्या थंडीत नळीतलं पाणी वाहतंय तोवरच पाणी. थांबलं की संपलं. डॅरेलने मोबाईल खिशात टाकून नळ उघडला तर थेंब येईना. पंप घरघरला आणि गप्प झाला. वर काचेवरचं पाणी पांढरं पडत गेलं, ओघळ जागच्या जागी थिजले, ब्रश काचेला चिकटला. डॅरेलने तो ओढायला जोर लावला. ब्रश सुटला, पण खाली सांडलेल्या पाण्याचा एव्हाना आरसा झाला होता, त्यावरून डॅरेलचे पाय गेले आणि तो आपल्याच बर्फावर फतकल मारून बसला.

ओरेस्त पोट धरून हसला. कित्येक महिन्यांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

डॅरेल उठला, विजार झटकली. त्याचा चेहरा लाल झाला होता, नुसत्या थंडीने नव्हे. "दादा, तुम्हाला माहीत होतं ना असं होणार?"

"तू विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंत?"

ओरेस्तने वर खिडकीकडे पाहिलं. काच काच राहिलीच नव्हती. चुना फासलेल्या भिंतीगत दिसत होती, आणि तिच्यामागे म्हातारी बसली होती. आता स्पिरिटचं फडकं फिरवूनही उपयोग नव्हता, बर्फ बोटभर जाड झालं होतं. तेवढ्यात लेस्या कोट न घालताच धावत बाहेर आली. आईचे हात थरथरतायत, मारिसेल डॉक्टरला फोन करायचं म्हणतेय, आणि तुम्ही इथे हसताय, असं ती म्हणाली. मग तिने मान वर केली आणि खिडकी पाहिली. नवऱ्याकडे तिने ज्या नजरेने पाहिलं, त्यात राग नव्हता, किळस होती.

तरीही जिना चढताना ओरेस्त मनात बोलणंच जुळवत होता. दोष सगळा डॅरेलचा, पुरावा काचेवर. आज सासूला कळेल की कसबी कोण आणि गारुडी कोण. खोलीत दिवा लावला नव्हता, लावला तर चांदणी कशी दिसणार म्हणून. बाहेर अंधारत होतं. पारास्काबाई खिडकीसमोरच्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर हात घट्ट धरून, आणि ते तरीही हलत होते. कुत्याची वाटी घेऊन मारिसेल बाजूला उभी होती. मागून डॅरेल आला. टोपी हातात, विजार मागून ओली. कबुली द्यायला आला होता, चेहऱ्यावर दिसतच होतं.

त्याच वेळी खाली पार्किंगमधला दिवा लागला. खिडकीवरच्या बर्फात एक पिवळा डाग उजळला आणि पसरला.

पारास्काबाई पुढे झुकल्या. "निघाली," त्या म्हणाल्या.

मग लेस्याने हळूच विचारलं, "कुठे गं, आई?"

"कुठे काय? डोळे फुटले का सगळ्यांचे? ती काय समोर. केवढी मोठी आहे यंदा."

तिचं थरथरतं बोट बर्फातल्या डागाकडे होतं. ओरेस्तने बोटाकडे पाहिलं, बर्फाकडे पाहिलं. मारिसेलने मान खाली घातली. म्हणजे तिला आधीपासून ठाऊक होतं, किंवा तिने कधीतरी सांगितलं होतं आणि कोणी ऐकलं नव्हतं. धुरकट होती ती म्हातारीची नजर, काच नव्हती. दोन वर्षांत कधीच नव्हती. त्याने पुसली तेव्हाही लख्ख होती आणि, कबूल करणं जिवावर आलं तरी, डॅरेलने धुतली तेव्हाही. त्या दोन वर्षांत आपण या माणसाला काय काय बोललो ते ओरेस्तला एकेक आठवायला लागलं. आज तर माहीत असून तोंड मिटून बसलो, ते सगळ्यात वाईट. त्याला स्वतःची शिसारी आली.

"बघा कशी आरशासारखी पुसलीय आज," पारास्काबाई म्हणाल्या. उपासाने आवाज बारीक झाला होता, पण खूश होता. "कोणी पुसली?"

"आई, मी..." डॅरेलने सुरुवात केली.

"डॅरेलने," ओरेस्त म्हणाला. "बाहेरून सगळी त्यानेच केली."

"वाटलंच मला. तुझ्या हातून कुठली व्हायला?" तिने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "जन्मभर बादली घेऊन हिंडलास आणि एक काच धड पुसता आली नाही. त्याच्याकडून शीक काहीतरी. लाज कसली त्यात?"

डॅरेल तोंड उघडणार होता, पण ओरेस्तने त्याचा दंड धरला आणि दाबला. "शिकतो, आई," तो म्हणाला.

त्याने मारिसेलच्या हातून वाटी घेतली, सासूपुढे गुडघ्यावर बसला आणि कुत्याचा पहिला घास तिच्या तोंडापाशी नेला. चमचा ओठांना लागेपर्यंत तिने तोंड उघडलं नाही.