ज्येष्ठातला हलवा

“काटा येत नाही म्हणजे काय? इतकी वर्षं येतोय, आत्ताच काय धाड भरली त्याला?” परातीपुढे बसलेल्या कुसुमताई हलव्यालाच रागावल्या. परातीतले तीळ साखरेच्या पाकात गुळगुळीत होऊन एकमेकांना चिकटले होते. समोर त्यांची मदतनीस गंगू बसली होती. तिने पदराला बोटं पुसली आणि खिडकीबाहेर बघितलं. अंबरपेठेवर ढग होते आणि हवा इतकी दमट, की दोरीवरचे कपडे दोन दोन दिवस वाळत नव्हते.

हलवा संक्रांतीचा, तो थंडीतच करायचा, हे कुसुमताईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. हैदराबादेतल्या कितीतरी मराठी घरांतल्या नव्या सुनांनी आणि बाळांनी त्यांच्या हातचे हलव्याचे दागिने घातले होते. त्यांची सून रसिका पुण्याची, नोकरी कॉम्प्युटरची. तिने तीन वर्षांपूर्वी सासूच्या दागिन्यांची वेबसाइट काढली आणि ऑर्डरी थेट लंडनहून यायला लागल्या. पण सगळ्या डिसेंबर-जानेवारीत. रथसप्तमी उलटली की तिकडे चिटपाखरूही फिरकत नसे. रसिकाने डोकं लढवून मे महिन्यात अर्धी किंमत लावली, तर एकाच गृहस्थांचा ईमेल आला, आणि त्यांनीही दुकान बंद पडतंय का एवढंच विचारलं होतं. मग राख्या ठेवून बघितल्या. पण राख्या काय, सगळं जग विकतं.

या वर्षी मात्र प्रश्न गंगूचा होता. हिमायतनगरला नवं सुपरमार्केट उघडलं होतं आणि तिथे तिला बारमाही काम मिळत होतं, जुलैच्या पहिल्या तारखेपासून. ती गेली की दागिने संपले, हे कुसुमताईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या बोटांना आता चटका सोसत नव्हता. गेले बारा हिवाळे काटा फुटायचा तो गंगूच्याच हाताखाली. तिला धरून ठेवायचं तर पावसाळ्यातही काम हवं. आणि नेमकी तेव्हाच तारनाक्याच्या अपर्णाची ऑर्डर आली. अपर्णा टेक्सासला असते, तिला सुट्टी जूनमध्येच मिळते, आणि माहेरी येऊन तिला लेकीचं बोरन्हाण करायचं होतं.

“जूनमधी बोरन्हाण?” कुसुमताई आधी हबकल्याच. “अन् बोरं कुठून आणणार?”

“जांभळं घालणार आहेत. हसू नका, आई,” रसिका म्हणाली. “परदेशातले सगळे या दिवसांतच येतात. हे एक जमलं ना, तर दर जूनला काम मिळेल. मग गंगूमावशी कशाला जातील?”

झालं. कुसुमताईंनी पदर खोचला. मुळात बाई भारी चौकस. फ्रीज दुरुस्त करायला आलेल्या माणसाकडून त्यांनी गार करायच्या गॅसचं सगळं शास्त्र काढून घेतलं होतं, आणि जाता जाता त्याच्या बायकोचं माहेरही. तेव्हा काटा का येत नाही, हे शोधून काढल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं. त्यांनी शेगडीचा विस्तव वाढवला, पाक करपला. थंडी हवी म्हणून परातीभोवती बर्फाच्या लाद्या रचल्या, तर तीळ आणखीच पाणावले. दिवाणखान्याची पार मासळीबाजारासारखी दशा झाली. यात चार दिवस गेले.

“थंडी नाही लागत ताई त्याला,” पाचव्या दिवशी गंगू हळूच म्हणाली. “कोरडी हवा लागते. रसिकाताईच्या खोलीतला एसी लावा अन् दार बंद करा.”

“अन् शेगडी?”

“बंद खोलीत शेगडी नक्को, जीव जाईल. दोन विटांच्या मधी इस्त्री उलटी ठेवा. आच एकदम बारीक. त्याच्यावर परात.”

कुसुमताईंच्या मुलाची, निखिलची, गादी हॉलमध्ये आली, त्याची इस्त्री परातीखाली गेली, आणि तो बिचारा चुरगळलेल्या शर्टात ऑफिसला जायला लागला. गंगू परातीशी बसली. चमचाभर पाक, मग बोटं फिरवत राहायचं. पुन्हा चमचाभर पाक. रसिका संध्याकाळी कामावरून आली की गंगू तिलाही शेजारी बसवून घेई आणि तिची बोटं धरून फिरवून दाखवी. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने चार दाणे तळहातावर घेऊन कुसुमताईंपुढे धरले. बारीक, पांढराशुभ्र काटा! कुसुमताईंनी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या.

“पण तुला गं कसं कळलं हे?”

“शोरूममधी कपड्यांना इस्त्री करायला होते की मी. चार पावसाळे. तिथल्या एसीत भर पावसात ओठ फुटायचे माझे. म्हणलं, ओठ फुटू लालेत तर काटा बी फुटंल. जेवणाच्या सुट्टीत इस्त्री उलटी करून वाटीभर तीळ घेऊन बसले. आला काटा.”

“अन् मला सांगितलं नाहीस?”

“तुम्ही कधी विचारलं ताई?” गंगूच्या आवाजात राग नव्हता. तिची बोटं परातीत फिरतच होती. “रथसप्तमी झाली की ‘ये बरं पुढच्या संक्रांतीला’ म्हणायच्या. मधी गंगू कुठं असते, काय करते, कधीच नाही विचारलं.”

कुसुमताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. फ्रीजवाल्याच्या बायकोचं माहेर त्यांना पाठ होतं. बारा वर्षं समोर बसणाऱ्या बाईचं घर कुठल्या रस्त्याला, हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

दागिने वेळेत झाले. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, पायातले वाळे. तारनाक्याला अपर्णाच्या लेकीने मुकुट आधी चाटून बघितला, मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्याचा एक तुरा खाऊन टाकला. डोक्यावरून ओतलेल्या जांभळांतून तिचा काळा झबला वाचला, पाहुण्यांचे रेशमी कपडे नाही वाचले. सुट्टीवर आलेल्या अपर्णाच्या दोन मैत्रिणींनी पुढच्या जूनसाठी तिथेच नावं नोंदवली. रसिका आनंदाने नुसती उड्या मारत होती. ती स्कूटीवरून परस्पर ऑफिसला गेली आणि कुसुमताई आणि गंगू चालत बसस्टॉपवर आल्या.

“आता जूनमधी बी काम हाय बघ,” कुसुमताई म्हणाल्या.

“हौ ताई. चांगलं झालं.” गंगू जरा थांबली. “पण दोन महिने संक्रांतीचे अन् एक हा. बाकीच्या नवाचं काय? तिथं बारा महिने काम हाय. आठवड्याची सुट्टी हाय, अन् बसायला खुर्ची देतात. रसिकाताईला शिकवलंय मी सगळं. तिचं बोट हलकं हाय, काटा येतो तिला.”

‘एवढ्या वर्षांचा घरोबा आपला,’ असं म्हणायचं कुसुमताई सकाळपासून मनाशी ठरवून आल्या होत्या. ते वाक्य आता त्यांच्या तोंडातून निघेना. कसला घरोबा? गंगूचं घर त्यांनी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. त्यांनी डोळ्यांत गेलेली धूळ काढावी तसं डोळे पुसले.

“जा गंगू,” त्या म्हणाल्या. “खुर्ची सोडू नको.”

बस आली. गंगू चढली आणि तिच्यामागून कुसुमताईही चढल्या.

“अय्यो ताई, ही उप्पलची बस हाय! अंबरपेठला नाही जात.”

“वाचता येतं मला. तुझ्या घरी येऊ लाले.”

गंगू एका बाकावर बसली. ती खिडकीकडे सरकली, कुसुमताई शेजारी बसल्या. बस दोन स्टॉप पुढे गेली तरी गंगू आपली पदराचा काठ चिमटीत धरून चाळवत होती.

“घरात आत्ता दूध नाही ताई,” शेवटी ती म्हणाली.

“मी कोराच पिते,” कुसुमताई म्हणाल्या. कोरा चहा त्यांनी जन्मात घेतला नव्हता.