‘म्हण’ म्हणायचं नाही

ललिताचं ते पत्र जागेश्वर गुरुजींनी इतक्यांदा उघडलं होतं की त्याच्या घड्या विरायला आल्या होत्या. पण उत्तर काही गेलं नव्हतं. तसे गुरुजी पत्राला उत्तर द्यायला चुकणारे नव्हते. अड्याळच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून पुस्तकं आणि पत्रं या दोनच गोष्टींशी त्यांचं मोकळेपणानं जमे. माणूस समोर आला की जीभ टाळ्याला चिकटे. या आंतरदेशीय पत्रापुढे मात्र त्यांची लेखणीही अडली.

मुलीनं वरठीहून लिहिलं होतं: ‘बाबा, हिरूला चौथं वर्ष लागलं, अजून एक शब्द बोलत नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी कान तपासले, ऐकू चांगलं येतं म्हणाले. तरी हे म्हणतात, पोळा झाला की तिला नागपूरच्या मुक्या मुलांच्या वसतिगृहात ठेवू. तुम्ही इतकं वाचलेलं. ठेवू की नको ते कळवा. तुमचा शब्द हे मोडणार नाहीत.’

त्या शेवटच्या वाक्यानंच गुरुजी धसकले. जन्मभर मुलं शिकवली, पण आपल्यापुढे आली ती बोलतीच! मूल बोलायला लागतं कसं, हे आपल्याला कुठं ठाऊक? चुकीचं लिहिलं आणि पोरीचं नुकसान झालं तर?

“उत्तर लिवलं का नाई?” त्यांच्या पत्नीनं, शकुनबाईंनी, चुलीपासून विचारलं.

“विचार करून राहिलो.”

“करा. तुमचा विचार होतवर नातीचं लगन होऊन जाईन.”

दुसऱ्या सकाळी गुरुजींनी छत्री घेतली आणि एस.टी.त बसले.

वरठीला पोचले तेव्हा जावई तेजराम कारखान्यातून नुकताच आला होता. सायकल भिंतीला टेकवून तो अंगणातच बसला होता, हातात पेढा. शेजारच्या दोघी बाया बघायला उभ्या.

“म्हण हिरू, पेढा! म्हण, तवाच भेटन.”

हिरूनं पेढ्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं, आणि ओठ असे मिटले की जणू शिवून टाकले. हे तोंड गुरुजींच्या ओळखीचं होतं. निरोप समारंभात चौघांनी ‘गुरुजी, दोन शब्द बोला’ म्हणून त्यांना माईकपुढे ढकललं, तेव्हा त्यांचे ओठ असेच मिटले होते.

“पाहून राहिले ना, मामाजी?” तेजराम कळवळून म्हणाला. “रोज शिकवतो. पानी म्हण, आई म्हण. भिताडाशी बोलल्यासारखं होते. म्या नाव लिहून आलो नागपूरले.”

“पोळ्यापर्यंत मले द्या तिले.” गुरुजी म्हणाले.

“तुमी काय करसान, मामाजी? तुमीच तं बोलत नाई.”

डोळ्यांत पाणी असतानाही ललिताला हसू फुटलं.

“म्हनूनच द्या,” गुरुजी म्हणाले.

हिरूला घेऊन अड्याळला आल्याबरोबर त्यांनी घरात एकच कायदा केला: हिरूला कोणी ‘म्हण’ म्हणायचं नाही. शकुनबाईंनी पोपटानं टोचलेला पेरू शोधून आणला होता. पोपटाचं उष्टं खाल्लं की मूल बोलतं, अशी त्यांची पक्की समजूत.

“पेरू दे,” गुरुजी म्हणाले, “पन ‘म्हण’ म्हणू नको.”

आणि ते स्वतः बोलू लागले. हे त्यांना सगळ्यात जड गेलं. सकाळी विहिरीवर जायचं तर, “घागर घेतली. दोरी बांधतो. आता खाली सोडू?” एवढं बोलून थांबायचं आणि हिरूकडे बघायचं. तिनं दोरी ओढली की, “हो, ओढू. जड हाय ना?” तिनं बोट दाखवलं तरी ते बोलणंच समजून उत्तर द्यायचं. पुन्हा थांबायचं. दुपारपर्यंत त्यांचा घसा कोरडा पडे.

शेजारचा सोमाजी ओसरीवरून ओरडे, “शकुनबाई, सांभाळा वो! गुरुजी आदी मान्साशी बोलत नव्हते, आता घागरीशी बोलून राहिले.”

आषाढ सरला. हिरू हसू लागली, हात धरून ओढू लागली, पण शब्द नाही. गुरुजींनी कपाटातली पुस्तकं पुन्हा चाळली. मूल कसं बोलतं ते एकातही नव्हतं. आपण उगाच हट्ट धरला का, हा विचार रोज यायचा. रोज सकाळी ते तरीही घागर उचलत.

सोमाजीच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी लागली. तलावाखालच्या चिखलात बाया वाकून ओळीनं धानाची रोपं लावत होत्या. जिच्या हातातली रोपं संपत, ती हाकारे, “पेंढी आन!” मग बांधावरून रोपांची नवी पेंढी तिच्याकडे जाई. दोनतीन दिवस हिरू बघत राहिली. मग तिनं स्वतःच एक पेंढी उचलली आणि हाक देणारीच्या हातात नेऊन दिली. तेव्हापासून ते काम तिचंच झालं. गुरुजी छत्री घेऊन बांधावर बसत आणि ढिगातून तिला पेंढ्या काढून देत.

त्या दिवशी तिच्याजवळच्या पेंढ्या संपल्या. ती पलीकडच्या बांधावर, ढीग गुरुजींपाशी, मध्ये गुडघाभर चिखल.

“हिरू, पेंढी आन वो!” रोवणाऱ्या बायांतली डोमाची बायको ओरडली.

हिरूनं गुरुजींकडे हात पसरला. त्यांचा हात सवयीनं पेंढीकडे गेला, आणि त्यांनी तो मागे घेतला. मान वळवून ते छत्रीची काडी नीट करू लागले. रडली तर? पुन्हा ओठ मिटले तर?

“आन वो, हिरू! हात रिकामे हायेत!”

“आबा, आन!”

आवाज बारीक आणि फाटका होता, पण कुठल्याही रोवणाऱ्या बाईइतकाच रागीट.

अख्खी ओळ ताठ उभी राहिली. “बोलली वो! अजून म्हण, हिरू! अजून एकडाव म्हण!”

हिरूचे ओठ मिटू लागले.

“कोनी म्हण म्हनू नका!” गुरुजी इतक्या जोरानं ओरडले की तलावाच्या पाळीवरचे बगळे उडाले. “तिनं पेंढी मांगली हाये!” आणि धोतर सावरायचं भान न ठेवता चिखलातून धावत त्यांनी पेंढी तिच्या हातात दिली.

हिरूनं ती डोमाच्या बायकोला दिली. वळली. हात पुढे केला. “आन.”

संध्याकाळपर्यंत आबा आणि आन यांच्या जोडीला ‘नाई’ही आलं, घरी चल म्हटल्यावर.

सकाळी गुरुजी लिहायला बसले. तीन शब्द! एवढ्यावर कुणाला भरवसा द्यायचा? पेन उघडून ते बराच वेळ बसले. मग लिहिलं:

‘चि. ललितास, उत्तराला उशीर झाला. हिरूला नागपूरला ठेवू नका. ती मुकी नाही. मागावंसं वाटेल असं काम तिला हवं होतं आणि थांबणारं माणूस हवं होतं. पुढे कधी किती बोलेल, ते मला सांगता येत नाही. पोळ्याला तू इथे ये, महिनाभर राहा. मी काय करतो ते बघ आणि घरी तेच चालू ठेवा. तिला “म्हण” म्हणायचं नाही, हे तेजरामजींना सांग. हा माझा शब्द आहे.’

शेवटचं वाक्य खोडायला पेन टेकला, पण त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला.

डाकेची थैली दुपारच्या बसनं जाई. त्याआधीच, हिरूला कडेवर घेऊन, ते पोस्टाच्या पेटीपाशी पोचले आणि पत्र आत सोडलं. मध्येच अडकलं तर नाही ना, म्हणून फटीत दोन बोटं घालून पाहिली. पत्र खाली गेलं होतं.